अकरावीला काय घ्यायचे? हाताने शिकणाऱ्या मुलांसाठी चार शब्द



दहावीचा निकाल लागला की आमच्या कार्यालयाबाहेरचे बाक भरून जाते. पेढ्यांचा पुडा पुढे करून पालक पहिले वाक्य टक्क्यांचे बोलतात आणि दुसरे वाक्य असते, "सर, मॅथ्स देऊ की बायो?" टक्के जरा कमी असले की आवाज खाली येतो आणि तोच प्रश्न "कॉमर्स तरी मिळेल ना?" असा होतो. "आमच्या मुलाला काय करायला आवडते" येथून बोलणे सुरू करणारे पालक आम्हाला इतक्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. यात पालकांना दोष देण्याचा हेतू नाही. आम्ही तरी त्यांना तसे कुठे विचारले होते?

आज हा विषय काढण्याचे एक कारण आहे, आणि ते सांगताना थोडा संकोच होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक मुलगा होता. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ऐन नाटकाच्या वेळी रंगमंचावरचे दिवे गेले, तेव्हा मांडववाल्याचा माणूस येईपर्यंत या नववीतल्या मुलाने दोष शोधून ठेवला होता. घरचा मिक्सर, शेजारच्यांचा पंखा, शाळेची घंटा, सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. दहावीला त्याला ६१ टक्के मिळाले. वडील विचारायला आले. आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले, "मुलगा इंजिनिअर होणार, मॅथ्स द्या." मुलगा गप्प उभा होता. आम्ही त्याला काही विचारले नाही.

अकरावीत तो कसाबसा पास झाला, बारावीत गणिताची पूरक परीक्षा द्यावी लागली. मग एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश, दोन वर्षांत राहिलेल्या विषयांचा ढीग, आणि शेवटी कॉलेज सुटले. बाविसाव्या वर्षी त्याने सोळा-सतरा वर्षांच्या मुलांबरोबर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला. आज त्याचे बरे चालले आहे. काही वर्षांपूर्वी शाळेतले वायरिंग बदलायला तोच आला होता. चहा पिताना सहज म्हणाला, "सर, मला हे काम तेव्हाही येत होते. चार वर्षे आणि बाबांचे पैसे वाचले असते." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण आम्हाला तो चहा गोड लागला नाही.

त्या मुलाला इंजिनिअर व्हायला सांगितले, ही आमची चूक नव्हे. तिथवर पोहोचायचे दुसरे रस्ते आहेत, ते आम्ही त्याच्यापुढे मांडलेच नाहीत, ही चूक. ते रस्ते आम्हालाही तेव्हा नीट ठाऊक नव्हते. ते या लेखात मांडत आहोत.

हाताने शिकणे म्हणजे काय?

आधी एक गैरसमज दूर करू. "हा मुलगा हाताने शिकणारा" असे म्हटले की पुष्कळांना ऐकू येते, "हा अभ्यासात कच्चा." हे दोन्ही एक नव्हेत. दुसऱ्या टोकाला, मुलांवर "पाहून शिकणारा", "ऐकून शिकणारा" असे शिक्के मारण्याची एक टूम मध्यंतरी आली होती. त्या शिक्क्यांप्रमाणे वेगवेगळे शिकवल्याने फायदा होतो, याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. करून पाहिल्याचा फायदा सगळ्याच मुलांना होतो. फरक इतकाच, की काही मुलांना आधी सूत्र सांगितले तरी चालते, आणि काही मुलांना ती वस्तू आधी हातात घ्यावी लागते, मग सूत्राचा अर्थ लागतो. दुसऱ्या प्रकारच्या मुलांना आपण सूत्रच तेवढे देतो आणि म्हणतो, याचे डोके चालत नाही.

हे आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले आणि मिडिल स्कूलची तीन वर्षे तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात गेली. तिथे होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालू होता. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ मिडिल शाळांत तो सुरू केला आणि १९७८ मध्ये तो सबंध जिल्ह्यात पोहोचला. सहावी ते आठवीच्या मुलांना "बाल वैज्ञानिक" नावाची पुस्तके मिळत. त्यांत उत्तरे नसत, प्रयोग असत. चार-चार मुलांची टोळी करायची, साहित्य घ्यायचे, करून पाहायचे, दिसले ते वहीत लिहायचे, मग वर्गात चर्चा करायची. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रयोगाचीही परीक्षा होती. सेल, तार आणि बल्ब घेऊन बल्ब कसा लागतो हे शोधण्यात आमचा एक अख्खा तास गेला होता. गुरुजींनी शेवटपर्यंत उत्तर सांगितले नाही. ते आजही विसरलेलो नाही. तेव्हा पाठ केलेल्या सनावळ्या मात्र कधीच विसरलो.

काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून भूमितीच्या आकृत्या बनवणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये याच कार्यक्रमात आले होते. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतून त्यांनी हजारो मुलांच्या हाती खेळणी आणि विज्ञान एकत्र दिले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र २००२ मध्ये शासनाने बंद केला. ज्या मातीत हे सगळे घडले, ती आपल्या मध्यप्रदेशाचीच. तरी आज आमच्या शाळेतली मुले आठवीपर्यंत एक स्क्रू पिळल्याशिवाय वर येतात, याची खंत वाटते.

विषय निवडताना काय पाहावे?

पालकहो, अकरावीचा विषय निवडताना तीन प्रश्न विचारा. या विषयात आठवड्यातून किती वेळ मुलाचे हात कामात असणार? त्याची परीक्षा कशी होणार, लिहून की करून? आणि पुढे कोणती दारे उघडी राहतील, कोणती बंद होतील?

हे प्रश्न विचारले की नेहमीचा क्रम जरा हलतो. आपण समजतो, विज्ञान म्हणजे प्रयोग. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रात ७० गुण लेखी आणि ३० गुण प्रायोगिक असतात, हे खरे. पण सकाळ-संध्याकाळ कोचिंगला धावणाऱ्या मुलाचे प्रयोग बहुतेक वेळा प्रायोगिक वहीतच होतात, हेही आपण सगळे जाणतो. गणिताला तर प्रयोगशाळाच नाही. तेव्हा "याला करून पाहायला आवडते, म्हणून याला मॅथ्स द्या" हा हिशेब नेहमी बरोबर येत नाही. आमचा तोच चुकला होता.

ज्या मुलाला यंत्रे आवडतात आणि बीजगणिताची भीती नाही, त्याने गणित समूह जरूर घ्यावा. मात्र ज्या शाळेची प्रयोगशाळा खरोखर उघडते, तिथे घ्यावा. प्रवेशाच्या दिवशी प्रयोगशाळा दाखवायला सांगा. आमच्याही शाळेत सांगा. टेबलांवर धूळ दिसली तर त्याचे उत्तर आम्हीच द्यायला हवे.

ज्या मुलीला किंवा मुलाला झाडे, माती, जनावरे यांत रस आहे, त्यांच्यासाठी आपल्या मंडळात कृषी समूह आहे. शहरातले पालक त्याचे नावही काढत नाहीत. पण त्यातून कृषी पदवीच्या प्रवेशपरीक्षेला बसता येते. आणि शेती हा इंदूरला परका विषय आहे, असे कोणी समजू नये. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथेच इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली आणि कचऱ्यापासून खत करण्याची जी रीत बसवली, ती जगभर "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली गेली. आज स्वच्छतेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या शहराने हे आठवायला हवे.

ललित कला आणि गृहविज्ञान हे समूहही आपल्या मंडळात आहेत. सीबीएसईकडे गेलात तर बारावीच्या चित्रकलेत ३० गुण लेखी आणि ७० गुण प्रायोगिक आहेत. तिथे खाद्यनिर्मिती, वस्त्र-आरेखन, वाहन-तंत्र, उद्यानविद्या असे कौशल्य-विषयही आहेत. ते सगळ्या शाळांत मिळत नाहीत, म्हणून आधी चौकशी करावी. चित्र काढणाऱ्या मुलाने भुकेने मरायचे, हे जुने वाक्य आता घरात बोलू नये. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या पदवीला बारावीचा कोणताही समूह चालतो आणि तिच्या निवड-परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष हाताने काही बनवून दाखवावे लागते. या मालिकेतली एक संस्था २०१९ पासून भोपाळला आहे. आणि ज्या इंदूरच्या कलाशाळेने नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारखा चित्रकार दिला, त्या गावात तरी कलेला "टाइमपास" म्हणणे शोभत नाही.

बायो म्हणजे फक्त डॉक्टर, हाही एक हट्ट आहे. फिजिओथेरपी, नर्सिंग, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ ही सगळी हातांची कामे आहेत. नीटमध्ये डॉक्टरकीची जागा मिळाली नाही म्हणून तीन-तीन वर्षे घरी बसलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांना दुसरे काही असते, हे कोणी सांगितलेच नव्हते.

अकरावीशिवायचे रस्ते

दहावीनंतर अकरावीच घेतली पाहिजे, असा नियम कुठेही नाही. दोन रस्ते अगदी सरळ आहेत.

पहिला पॉलिटेक्निकचा. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, त्यात कार्यशाळा आणि प्रयोग पुष्कळ. नंतर त्याच पदविकेवर इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षी प्रवेश घेता येतो. म्हणजे मुलगा इंजिनिअर होतोच, फक्त हत्यारे आधी हातात येतात आणि मोठी पुस्तके मागून. आपल्या शहरात वैष्णव पॉलिटेक्निक आहे, मुलींसाठी शासकीय महिला पॉलिटेक्निक आहे. इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगची पदविका आहे. पीथमपूरचे कारखाने इथून हाकेच्या अंतरावर आहेत आणि तिथल्या यंत्रांना साचे लागतात. ते बनवणारा माणूस सहज मिळत नाही.

दुसरा रस्ता आयटीआयचा. १९५० पासून चालत आलेली ही योजना आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. नंदानगरची शासकीय आयटीआय बसने अर्ध्या तासावर, पण आपल्यातल्या किती पालकांनी ती आतून पाहिली आहे? इथेही दार बंद होत नाही. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची तरतूद आहे आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने आयटीआय झालेल्या मुलांना भाषा-विषयाची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवण्याचीही सोय केली आहे. शिवाय १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिसशिप करता येते, तीत विद्यावेतन मिळते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळ्या आयटीआय सारख्या नाहीत. काही ठिकाणी यंत्रे जुनी, काही ठिकाणी शिकवणारे अपुरे. प्रवेशापूर्वी जाऊन पाहावे: मुलांच्या हातात खरोखर काम आहे का, की फाइलीच भरत आहेत? सुरुवातीचा पगार थोडा असतो आणि अंग मोडून काम करावे लागते. बारावीला गणित नसेल तर अकरावी-बारावीच्या वाटेने इंजिनिअरिंगला जाणे कठीण होते, हेही आधी समजून घ्यावे. आणि "हातकामात गणित नसते" ही समजूत घेऊन कोणी तिकडे वळू नये. फिटरच्या व्हर्नियर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजावे लागते, मायक्रोमीटरवर ०.०१ पर्यंत. टेपर कापायचा तर त्रिकोणमिती लागतेच. मात्र तिथे "टॅन थीटा" म्हणजे पाटीवरचे अक्षर राहत नाही, समोरच्या लोखंडाचा उतार होतो. आमच्या त्या मुलाला ओहमचा नियम शाळेत तीनदा शिकवला होता. तो म्हणतो, कळला आयटीआयमध्ये!

मुलींबद्दल वेगळे सांगायला हवे

हाताने काम करणारा मुलगा "हुन्नरी" असतो, हाताने काम करणारी मुलगी "घरकामात तरबेज" असते. ही भाषा आपण सगळे नकळत बोलतो. गेल्या वर्षी दहावीतल्या एका मुलीने शाळेची शिवणयंत्रे उघडून, साफ करून, तेल घालून चालू केली. आम्ही तिच्या आईला म्हटले, हिला मशीनचे शिक्षण द्या. आई म्हणाल्या, "सर, आयटीआयमध्ये मुलं मुलं असतात, आणि लग्नाच्या वेळी काय सांगायचं?" त्यांची काळजी खोटी नाही. पण एवढ्यावरून मुलीचा हात बांधून ठेवणेही बरोबर नाही. आम्ही त्या माउलींना महिला पॉलिटेक्निक दाखवून आणले. वर्गात मुलीच मुली पाहून त्यांचा चेहरा सैल झाला. निर्णय त्यांचा आहे. पण पाहिल्यावर घेतलेला निर्णय आणि न पाहता घेतलेला निर्णय यांत फरक असतो.

लेखणीचा मान, हत्याराचा नाही

आपण इथे होळकरांबरोबर आलो, असे आपल्यातली पुष्कळ घराणी सांगतात. फडावरचे कारकून, वकील, मास्तर, नंतर बँक आणि रेल्वे. पिढ्यान्पिढ्या लेखणीने आपल्याला पोसले, म्हणून लेखणीला मान. त्याच होळकरांच्या राज्यात सुतार, शिंपी, तांबट, सोनार, विणकर हेही मराठी घरांतून आले, पण त्यांचा मान आपण कधी तितका केला नाही. यात जातीचा भाग होता, हे मान्य करायला हवे. अहिल्यादेवींनी महेश्वरला विणकरांना आश्रय दिला. त्या साडीचा आपल्याला केवढा अभिमान! लग्नात महेश्वरी नेसून मिरवतो. पण मुलाने माग शिकतो म्हटले तर घरात सुतक पडेल.

या विचाराची किंमत देशाने मोजली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतला (२०१२-१७) अंदाज दिला आहे. त्यानुसार आपल्याकडे १९ ते २४ वयाच्या कामकरी तरुणांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी जणांना औपचारिक व्यवसाय-शिक्षण मिळाले होते. जर्मनीत हा आकडा ७५, दक्षिण कोरियात ९६. त्याच धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना सुतारकाम, वीजकाम, बागकाम, कुंभारकाम यांची ओळख करून द्यावी आणि या इयत्तांदरम्यान कधीतरी दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे शिकायला पाठवावे, असे सुचवले आहे. धोरण कागदावर आहे. प्रश्न आपल्या शाळेचा आहे.

विश्वस्तांना नम्र विनंती

शाळेच्या मागच्या बाजूची जुनी उद्योगशाळा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. सुतारकामाची चार बाके, भिंतीला दोन व्हाइस, कोपऱ्यात मोडका माग. आज तिथे तुटके बेंच आणि गणेशोत्सवाच्या मखराचे सामान आहे. ती खोली पाडून तिथे दुसरा स्मार्ट क्लास करावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. संगणकाला आमचा विरोध नाही. पण ही खोली गेली तर मुलांच्या हातांसाठी शाळेत एकही जागा उरणार नाही. म्हणून विनंती, की प्रस्ताव वर्षभर थांबवावा आणि ती खोली आम्हाला द्यावी.

काय करू, तेही सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून ते खेड्यात गेले होते. तिथून निघालेला "मूलभूत तंत्रज्ञान" हा विषय महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांत पोहोचला. आठवड्यातून एक दिवस मुले कार्यशाळा, वीज व पर्यावरण, शेती व पशुपालन, घर व आरोग्य या चार क्षेत्रांत काम करतात. शिकवायला गावातलेच कारागीर. मुले जे बनवतात ते गावाच्या उपयोगी पडते. आम्ही हेच, छोट्या प्रमाणात, शनिवारी करू इच्छितो. वर्ग आठवी आणि नववीचे, एका वेळी पंधरा मुले-मुली. काम शाळेचेच: बेंच दुरुस्त करणे, गळके नळ, बागेचे खत, प्रयोगशाळेची मांडणी.

खर्च कोण करणार, असे विचारले जाईल. पहिल्या वर्षी हत्यारे आणि सुरक्षेचे साहित्य एवढाच खर्च आहे, आणि बेंच दुरुस्तीचे बिल तरी वाचेल. शिकवणार कोण? पालकांत निवृत्त फोरमन आहेत, टेलरिंगचे दुकान चालवणाऱ्या ताई आहेत, आणि ज्याच्याबद्दल वर लिहिले तो आमचा विद्यार्थी शनिवारी दोन तास द्यायला तयार आहे. अपघात झाला तर? भीती रास्त आहे. म्हणूनच मुले थोडी, मोठी माणसे दोन, आणि विजेची यंत्रे पहिल्या सहामाहीत नाहीत. निकालावर परिणाम होईल? एका शनिवारच्या दोन तासांनी दहावीचा निकाल पडत असेल, तर तो निकाल आधीच डळमळीत आहे असे आम्ही समजू.

याचा फायदा असा, की दहावीच्या निकालाच्या दिवशी पालक आमच्याकडे येतील तेव्हा बोलायला टक्क्यांखेरीज काही असेल. हा मुलगा रंधा धरतो कसा, ही मुलगी बिघाड शोधते कशी, याची दोन वर्षांची नोंद असेल. मग कोणाला मॅथ्स, कोणाला कृषी, कोणाला पॉलिटेक्निक हे अंदाजाने सांगावे लागणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो,

शेवटचे चार शब्द तुमच्यासाठी. "मला हाताने करायला आवडते" हे अभ्यास टाळण्याचे निमित्त होऊ देऊ नका. हाताचे काम करणाऱ्याला दुप्पट शिस्त लागते. चुकलेले उत्तर खोडता येते, चुकून कापलेले लाकूड जोडता येत नाही. या सुट्टीत एक करा. सायकलच्या दुकानात, बेकरीत, शिंप्याकडे, नर्सरीत, ओळखीच्या वायरमनकाकांकडे, कुठेही आठ-दहा दिवस रोज दोन तास जाऊन बसा. पाहा, विचारा, परवानगी मिळाली तर करा. आठव्या दिवशीही जावेसे वाटले तर ते आईबाबांना सांगा, आणि आम्हालाही येऊन सांगा. तिसऱ्याच दिवशी कंटाळलात, तर तेही कळले म्हणून बरेच झाले.

आणि आईबाबांबरोबर आमच्या कार्यालयात याल, तेव्हा गप्प उभे राहू नका. आम्ही विचारायला विसरलो, तरी बोला.

आपले,
प्राचार्य